भाडं खोलीमागे, बिल माणसामागे, जेवण दिवसामागे

कॉलेजं सुरू होण्याचा आणि नव्या नोकऱ्यांवर रुजू होण्याचा हंगाम आला की वाचकांच्या पत्रांतून एक विषय हमखास डोकावतो. पुण्या-मुंबईत तिघा-चौघांनी मिळून फ्लॅट घेतलेला असतो. पहिला महिना हौसेत जातो. दुसऱ्या महिन्यात विजेचं बिल येतं आणि प्रश्न सुरू होतात. एसी एकाच्याच खोलीत आहे, मग बिलाचे सारखे भाग का? मी पंधरा दिवस गावी होतो, तरी मावशींचा पूर्ण पगार का भरू? रूममेटचा भाऊ महिनाभर मुक्कामाला आहे, त्याचा खर्च कोणाच्या खात्यात?

हॉटेलात ‘काँट्री’ काढली किंवा ‘टीटीएमएम’ म्हणजे ‘तुझं तू, माझं मी’ केलं की विषय संपतो. घरात तो दर महिन्याला नव्याने उभा राहतो. यातल्या बहुतेक भांडणांतली रक्कम किरकोळ असते. चूक वेळेची असते, कारण नियम बिल आल्यावर ठरवायला घेतला जातो. बिल हातात पडलं की कोणत्या नियमात आपला फायदा आहे हे प्रत्येकाला दिसत असतं, आणि मग जो तो आपल्या सोयीचा नियमच न्याय्य म्हणून मांडतो. म्हणून सामान लावून होण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि पुढच्या गोष्टी ठरवून टाका.

आधी खर्चाचे चार ढीग करा

सगळ्या खर्चाला एकच सूत्र लावायला गेलात की गोंधळ होतो. खर्च चार प्रकारचे असतात.

- जागेचा खर्च : भाडं, डिपॉझिट, दलाली, कराराचा खर्च. हा खोलीप्रमाणे वाटायचा.
- घर चालू ठेवण्याचा खर्च : इंटरनेट, नेहमीची वीज, झाडू-पोछ्याच्या मावशी, कचरा. तुम्ही घरी असा वा नसा, हा होतोच. तो माणसागणिक सारखा.
- खाण्याचा खर्च : किराणा, दूध, भाजी, गॅस. हा जेवलेल्या दिवसांप्रमाणे.
- हौसेचा खर्च : एसी, ओटीटीची वर्गणी, प्रोटीनचा डबा, मांजराचं खाणं. ज्याची हौस, त्याचा खर्च.

एखादा खर्च कोणत्या ढिगात टाकायचा यावर वाद झाला, तर एकच प्रश्न विचारा : मी महिनाभर इथे नसतो, तर हा खर्च कमी झाला असता का? झाला नसता, तर तो सगळ्यांचा. झाला असता, तर वापरणाऱ्याचा.

भाडं : खोली पाहून ठरवा

एका खोलीला स्वतंत्र बाथरूम आणि गॅलरी, दुसरीची खिडकी डक्टकडे, तरी भाडं सारखं, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. दोन पर्याय आहेत.

पर्याय १ : प्रत्येकाला वेगळी खोली असेल तर बोली लावा. समजा तीन खोल्यांचं भाडं ३६,००० रुपये आहे, म्हणजे सरासरी १२,००० रुपये. चांगली खोली तिघांनाही हवी आहे. तिचं भाडं ५०० रुपयांनी वाढवा आणि उरलेल्या दोन्हींचं २५० रुपयांनी कमी करा. पुन्हा विचारा. असं तीनदा केल्यावर चांगली खोली १३,५०० रुपयांना आणि बाकीच्या दोन ११,२५० रुपयांना येतात. ज्या टप्प्यावर ती खोली एकालाच हवीशी राहते, तिथे थांबा. या पद्धतीत कुरकुरीला जागा उरत नाही, कारण प्रत्येकाने आपली खोली त्या भावाला स्वतः निवडलेली असते.

पर्याय २ : एकाला स्वतंत्र खोली आणि दोघांत एक खोली असेल तर भाड्याचे दोन भाग करा. निम्मं भाडं हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी यांचं धरा. ते तिघांत सारखं वाटा. उरलेलं निम्मं खोल्यांवर टाका. समजा टू बीएचकेचं भाडं ३०,००० रुपये आहे. सामाईक भागाचे १५,००० म्हणजे प्रत्येकी ५,०००. खोल्यांचे १५,००० उरले. मोठीचे ८,००० आणि लहान खोलीचे ७,००० धरा. मोठ्या खोलीत एकट्याने राहणारा १३,००० रुपये देईल आणि दुसऱ्या खोलीतले दोघे प्रत्येकी ८,५०० रुपये देतील.

‘हॉलमध्ये झोपतो’ म्हणणाऱ्या चौथ्या मित्राचाही हिशेब आधीच लावा. त्याला खोली नाही, पण सामाईक भागाचा पूर्ण वाटा त्याचाही आहे. हॉल रात्री त्याचा होतो, म्हणून थोडं अधिकही मागता येईल. मात्र बंद दारामागचा खासगीपणा त्याला मिळत नाही, हे विसरू नका.

वीज : बेस बिल आणि वरचं बिल

विजेवरचे वाद बहुधा अंदाजांवर चालतात, म्हणून थोडे आकडे माहीत हवेत. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं.

- २,००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला ३० युनिट.
- ७५ वॅटचा साधा पंखा एका युनिटमध्ये सुमारे १३ तास फिरतो.
- ५० वॅट घेणारा लॅपटॉप एका युनिटमध्ये २० तास चालतो.
- मोबाइल रोज चार्ज केला तरी महिन्याला एक युनिट होणं कठीण. त्यावरून भांडू नका.
- दीड टनाचा जुना एसी तासाला साधारण दीड युनिट घेतो. इन्व्हर्टर एसी त्याहून कमी घेतो.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. वरच्या टप्प्यातलं युनिट खालच्यापेक्षा महाग पडतं. एसीमुळे वाढलेली युनिटं या वरच्या, महाग टप्प्यांत जाऊन बसतात. म्हणून ‘एकूण बिल भागिले एकूण युनिट’ असा सरासरी दर काढून एसीवाल्याचा वाटा ठरवला, तर त्याचा काही भार इतरांवर पडतो.

सोपा मार्ग असा. एसी नसलेल्या महिन्याचं बिल ‘बेस’ धरा. समजा फेब्रुवारीचं बिल १,५०० रुपये होतं आणि मेचं ३,६०० आलं. म्हणजे २,१०० रुपये वाढले. उन्हाळ्यात सगळ्यांचे पंखे आणि फ्रिज जास्त चालतात, त्याचे ३०० रुपये सामाईक धरा. आता १,८०० रुपये तिघांत, म्हणजे प्रत्येकी ६००. उरलेले १,८०० एसीच्या खोलीचे. एसीवाला २,४०० भरेल, बाकीचे दोघे ६००. एसी दोन खोल्यांत असतील, किंवा मेमध्ये एसीवाल्यांपैकी एकजण पंधरा दिवस गावी असेल, तर एसीच्या लाइनवर सबमीटर बसवून घ्या. काम इलेक्ट्रिशियनकडूनच आणि घरमालकाला सांगून करा.

घरून काम करणाऱ्याने जास्त द्यावं का? लॅपटॉप आणि पंख्याचा हिशेब वर आहेच. दिवसभराचे मिळून फार तर एक-दीड युनिट होतात. त्यासाठी वेगळं खातं उघडण्यात अर्थ नाही. पण त्याच्या कामासाठी जादा वेगाचं इंटरनेट घेतलं असेल, तर साध्या योजनेवरची रक्कम त्याने भरावी.

गॅस, मेंटेनन्स, टँकर

- पाइप गॅसचं बिल पुण्या-मुंबईत दोन महिन्यांनी येतं. मधेच कोणी घर सोडलं की त्याचा वाटा राहून जातो. म्हणून दर महिन्याला अंदाजे रक्कम बाजूला काढत चला.
- सिलिंडर असेल तर ज्या दिवशी नवा लावला ती तारीख त्यावरच खडूने लिहा. १४.२ किलोचा सिलिंडर तुमच्या घरात किती दिवस पुरतो हे दोन खेपांत कळतं.
- सोसायटीचं मेंटेनन्स सहसा मालक भरतो, पण करारात काय लिहिलंय ते वाचा. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जो बिनवापर आकार घेते, तो मालकाकडून घेते. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानुसार तो सेवा आकाराच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. हा आकार तुमच्या माथी मारला जात असेल, तर करार दाखवायला सांगा.
- उन्हाळ्यात टँकरची जादा वर्गणी निघाली तर ती कोणाची, हे करार करतानाच मालकाला विचारून घ्या. तुमच्यावर आली तर ती माणसागणिक वाटा.

जेवण : मेसमधला ‘खाडा’ घरीही लावा

मेसचा डबा लावलेल्यांना खाडा ठाऊक असतो. ज्या दिवशी जेवण नको, त्या दिवसाचं आधी सांगायचं आणि तेवढे पैसे कमी होतात. हीच पद्धत घरात आणा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येकाने आपल्या खाड्याच्या तारखेवर फुली मारायची.

समजा महिन्याला किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून ९,६०० रुपये झाले. एकजण ३० दिवस घरी जेवला, दुसरा २४, तिसरा २६. एकूण ८० दिवस, म्हणजे दिवसाला १२० रुपये. वाटे आले ३,६००, २,८८० आणि ३,१२० रुपये. पाच मिनिटांचं काम.

काही बारकावे :

- एकवेळच्या जेवणाचे खाडे मोजत बसू नका. पूर्ण दिवसाचाच खाडा धरा.
- अंडी-मटण, उपवासाचं सामान, डाएटचं खाणं ज्याचं त्याने आणावं. शाकाहारी माणसाकडून मासळीची वर्गणी मागू नये आणि त्यानेही इतरांच्या साबुदाण्याचा हिशेब ठेवू नये.
- स्वयंपाकाच्या मावशींचा पगार खाड्यात धरू नका. तुम्ही गावी गेलात म्हणून त्यांचं घर थांबत नाही. पगार, सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनस हा सगळ्यांचा ठरलेला खर्च आहे. मावशी माणशी पैसे घेत असतील, तर माणूस वाढला की त्यांचा पगार आधी वाढवा.

गावी गेलेले आणि मुक्कामाला आलेले

गावी गेलेल्याला जेवणात सूट मिळते, भाड्यात आणि इंटरनेटमध्ये नाही. महिनाभर पूर्ण गैरहजर असेल तर नेहमीच्या विजेच्या वाट्यात निम्मी सूट द्यावी. पूर्ण नको, कारण फ्रिज, राउटर आणि बिलातला स्थिर आकार त्याच्या पाठीमागेही चालूच असतो.

पाहुण्यांचा आकडा आधीच ठरवा. महिन्यातून चार रात्रींपर्यंतचा पाहुणा घराचा, त्यापुढे तो ज्याचा त्याच्या खात्यात, असं साधं गणित पुरतं. पाचव्या रात्रीपासून त्याच्या जेवणाचे दिवस यजमानाच्या नावावर लिहा. कोणी कायमच मुक्कामाला असेल, तर तो पाहुणा राहिलेला नाही. त्याचं नाव करारात घालण्याविषयी मालकाशी बोला.

कमाई सारखी नसेल तर

थोरला भाऊ नोकरीला आणि धाकटी बहीण सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, अशा घरात सारखे वाटे करणं म्हणजे हिशेब बरोबर आणि घर चूक. अशा वेळी भाडं कमाईच्या प्रमाणात घ्या आणि जेवण मात्र दिवसाप्रमाणे ठेवा. म्हणजे कमी देणाऱ्यालाही दरवेळी उपकाराखाली राहिल्यासारखं वाटत नाही. ही व्यवस्था सहा महिन्यांसाठी ठरवा आणि मग पुन्हा बसा.

नुसत्या ओळखीच्या रूममेट्समध्ये मात्र पगार विचारून वाटे करू नयेत. कोणाला घर परवडत नसेल, तर त्याने लहान खोली घ्यावी.

पैसे गोळा करण्याची शिस्त

1. गंगाजळी ठेवा. सुरुवातीला प्रत्येकी २,००० रुपये एकाच्या खात्यात जमा करा. बिलं त्यातून भरायची आणि महिन्याच्या शेवटी खर्च झालेलं पुन्हा भरून काढायचं. त्यामुळे कोणा एकाच्या खिशातून सतत जात नाही.
2. खजिनदार बदलता ठेवा. तीन महिन्यांनी पाळी बदला. जो हिशेब ठेवतो त्यालाच तो किती कटकटीचा असतो ते कळतं.
3. तारीख एकच. भाड्याच्या दोन दिवस आधी सगळ्यांचे पैसे जमा. आठवण करून देणं हे खजिनदाराचं काम नाही.
4. यूपीआयने देताना शेरा लिहा. ‘मे वीज’ एवढे दोन शब्द पुढे पुरावा ठरतात.
5. दहा-वीस रुपये सोडून द्या. ५० रुपयांखालचा खर्च वहीत नको, असं ठरवून टाका. ज्या घरात काडेपेटीचा हिशेब होतो, तिथे चहा गोड लागत नाही.

इथे फसगत होते

- मिळून घेतलेल्या वस्तू. तिघांत वॉशिंग मशीन घेतलं आणि सहा महिन्यांनी एकजण गेला की त्याचा तिसरा हिस्सा कितीचा, यावर तंटा होतो. त्यापेक्षा एकाने मशीन घ्यावं, दुसऱ्याने फ्रिज, तिसऱ्याने गॅस शेगडी. जाताना ज्याचं त्याने न्यावं.
- आधीची थकबाकी. घरात शिरताना मीटरचा फोटो काढा आणि बिलावरच्या १२ अंकी ग्राहक क्रमांकाने महावितरणच्या ॲपवर मागची बाकी तपासा.
- सरासरी बिल. रीडिंग न घेता अंदाजाने आलेल्या बिलावर वाटे करू नका. आधी मीटर पाहा.
- डिपॉझिटची विस्मृती. कोणी किती दिले हे दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही. रक्कम ज्या दिवशी दिली, त्याच दिवशी लिहून ठेवा.

कायदा काय सांगतो

सगळं कोर्टापर्यंत जावं असं नाही, पण आपण कुठे उभे आहोत ते माहीत हवं.

- मालकासाठी तुम्ही सगळे एक आहात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ नुसार एकत्र वचन देणाऱ्यांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते, करारात वेगळं ठरलं नसेल तर. म्हणजे एकाने भाडं थकवलं, तर मालक ते तुमच्याकडे मागू शकतो.
- पण तुम्ही ते वसूल करू शकता. याच कलमानुसार इतरांचा वाटा भरणाऱ्याला तो त्यांच्याकडून मागण्याचा हक्क आहे. मेख अशी की वेगळं ठरल्याचं दिसत नसेल, तर कायदा वाटे सारखे धरतो. तुमच्यात १३,००० आणि ८,५०० असं ठरलं असेल, तर ते लिहून सह्या करा. तोंडी ठरवलेल्याला तिथे आधार सापडणं अवघड.
- करारात सगळ्यांची नावं हवीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ज्याचं नाव करारात नाही, त्याला डिपॉझिटवर हक्क सांगताना त्रास होतो. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घेतानाही आपल्या नावाचा करार आणि आपल्या वाट्याच्या पावत्या हाताशी असाव्यात.
- मुदत संपल्यावर रेंगाळू नका. त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार मुदतीनंतर ताबा दिला नाही, तर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई द्यावी लागू शकते. एकाचं सामान निघालं नाही म्हणून हा भुर्दंड सगळ्यांवर येऊ शकतो.
- वीज एकदम तोडता येत नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी वीज कंपनीने पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून ही नोटीस आणि बिलं मालकाच्या पत्त्यावर किंवा मोबाइलवर जात असतील, तर ती तुमच्यापर्यंत येण्याची सोय करून घ्या.

कोणी पैसे देतच नसेल तर

1. आधी एकटं गाठून विचारा. पगार लांबला असेल, घरी आजारपण असेल. सगळ्यांच्या ग्रुपवर हिशेब टाकून लाज काढल्याने पैसे येत नाहीत.
2. हप्ते बांधून द्या आणि तारखा लिहून घ्या.
3. दोन तारखा चुकल्या तर लेखी मेसेज करा. त्यात रक्कम, महिना आणि मुदत असू द्या. त्याच्या डिपॉझिटमधून ती वळती करण्याची त्याची लेखी संमती मागा.
4. तरीही नाही, तर मालकाला कळवा आणि करारातून नाव कमी करण्याचं बघा.

त्याच्या खोलीला कुलूप लावणं, सामान बाहेर काढणं, सर्टिफिकेटं अडवून ठेवणं, हे करू नका. करारात त्याचं नाव आहे तोवर त्या घरावर त्याचाही तेवढाच हक्क आहे. तुमची बाजू खरी असूनही तक्रार तुमच्यावर होईल.

घर सोडताना

- निदान एक महिना आधी सांगायचं आणि जागी नवा माणूस शोधायला मदत करायची, असा नियम असू द्या.
- निघायच्या दिवशी मीटरचा फोटो काढा. अजून न आलेल्या वीज आणि गॅस बिलांपोटी अंदाजे रक्कम गंगाजळीत ठेवून जा. बिल आलं की उरलेलं परत.
- नवा येणारा जुन्याला डिपॉझिट देत असेल, तर आधी खोली सगळ्यांनी मिळून पाहा. भिंतीतले खिळे आणि तुटलेला नळ जुन्याच्या हिशेबात येऊ द्या, नव्याच्या नको.

फ्रिजवर लावायचा कागद

एवढं सगळं एका पानात मावतं. त्यावर इतकंच लिहा : प्रत्येकाचं भाडं आणि डिपॉझिट, विजेचा बेस आकडा आणि एसीचा नियम, खाडा कसा धरायचा, पाहुण्याच्या रात्री, पैसे जमा करायची तारीख, घर सोडण्याची पूर्वसूचना. खाली सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. एक प्रत फ्रिजवर लावा, एक फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. नवा रूममेट आला की कागद नवा करा.

तुम्ही आधीच एकत्र राहत असाल आणि कागद केला नसेल, तर मागचं उकरून काढू नका. आज मीटरचा फोटो काढा आणि पुढचं बिल यायच्या आत बसा. बिल आलं नाही तोवर कोणाचाच पक्ष ठरलेला नसतो, आणि नियम ठरवायला तीच वेळ बरी.